गावचा प्रश्न विधानसभेत मांडून घ्यायचाय? मग आमदाराला निवेदन नको, तयार प्रश्न द्या

अधिवेशन जवळ आलं की आमदाराच्या ऑफिसात निवेदनांचा ढीग पडतो. सगळी एका साच्यातली. वर "विषय", मधे "तरी आपण जातीने लक्ष घालून", खाली पन्नास सह्या, आणि सोबत शाल घालतानाचा फोटो. आमदार "बघतो की" म्हणतात, पीए कागद फाइलला लावतो, आणि महिन्याभरानं पारावर ठरतं की आमदार काही कामाचा नाही. बऱ्याचदा आमदार ठीक असतो हो, कागदच कामाचा नसतो. त्या निवेदनातून सभागृहात विचारता येईल असा प्रश्न काढायचा तर कुणीतरी बसून योजना कुठली, वर्क ऑर्डर कधीची, खातं कुणाचं, आधी कुणाला पत्र दिलं हे सगळं शोधायला लागतं, आणि अधिवेशनाआधीच्या गडबडीत पीएकडं तेवढा वेळ नसतो. तो वेळ गावात कुणाकडं तरी असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

लिहितोय ते महाराष्ट्र विधानसभेबद्दल. २८८ आमदार, वर्षाला साधारण तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात.

आधी एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सभागृहात मंत्री जे उत्तर वाचतात ते मंत्र्यांनी लिहिलेलं नसतं. प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या खात्याकडं जातो, तिथल्या डेस्कवरून जिल्ह्याला, झेडपीचा विषय असेल तर सीईओकडं, तिथून कार्यकारी अभियंत्याकडं, तिथून तालुक्याच्या उपअभियंत्याकडं, आणि शेवटी ज्या शाखा अभियंत्याबद्दल तुमची तक्रार आहे त्याच्याच टेबलावर येऊन पडतो. कच्चं उत्तर तो लिहितो. तेच वर वर जात, भाषा गुळगुळीत होत होत मंत्र्यांच्या हातात जातं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचा खरा वाचक मंत्री नाही, तालुक्यातला तो माणूस आहे. त्याला "हे खरे नाही" असं लिहिताच येऊ नये इतका पक्का प्रश्न द्यायचा, एवढीच सगळी कला आहे.

पहिलं काम: विषय नक्की कुणाचा

निम्मे प्रश्न इथंच मरतात. रेल्वेचा भुयारी मार्ग, नॅशनल हायवेचा कट, बीएसएनएलचा टॉवर, कांद्याची निर्यातबंदी, हे केंद्राचे विषय, ते खासदारांकडं न्या. आमदार त्यावर भाषण करू शकतात, पण राज्याचा मंत्री उत्तरात "केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे" यापलीकडं काही बोलणार नाही.

रस्त्याचं तर खास बघा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीचे. शिवाय पंतप्रधान ग्राम सडक किंवा मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेतून झालेला रस्ता असेल तर त्याची यंत्रणा वेगळी आणि ठेकेदारावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. ही पाच वर्षं सरलेली नसतील तर रस्ता कुणी दुरुस्त करायचा हा वादच उरत नाही. रस्त्याच्या तोंडाशी योजनेचा बोर्ड असतो, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते, त्याचा फोटो काढून ठेवा. बोर्डच नसेल तर तोही एक मुद्दा.

दवाखान्याचं असंच. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र झेडपी चालवते, ग्रामीण रुग्णालय थेट राज्याच्या आरोग्य खात्याकडं. नवीन केंद्र मागायचं असेल तर लोकसंख्येचे निकष माहीत हवेत: प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार, उपकेंद्रासाठी ५ हजार आणि ३ हजार. निकषात न बसणारी मागणी लेखी प्रश्नात घालू नका, सरळ नकार येतो आणि तो नकार छापील होऊन बसतो, पुढच्या वेळी तोच तुमच्या तोंडावर मारला जातो. असल्या मागण्या भाषणातून मांडायच्या, तिथं निकष बदला असं म्हणता येतं.

आणि जे काम आमदार निधीतून होतंय ते सभागृहात नेऊच नका. आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी मिळतो, स्मशानभूमीची शेड, सभामंडप, गल्लीतला काँक्रीट रस्ता ही त्यातली कामं. जिल्हा नियोजन समितीतून होणारं असेल तर आमदाराकडून पालकमंत्र्यांच्या नावे पत्र घ्या. विधानसभा त्या गोष्टींसाठी ठेवा ज्या खाली अडून बसल्यात किंवा ज्या एका गावाच्या नाहीतच.

कागद गोळा करा

ग्रामसभेचा ठराव सगळ्यात आधी. सह्यांच्या निवेदनापेक्षा ठराव भारी, कारण तो कायद्यानं भरलेल्या सभेचा असतो. कोरम, म्हणजे सभेला कमीत कमी हजर लागणारी माणसं, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तो. ठरावात गोलमोल लिहू नका, "पाणी प्रश्न सोडवण्यात यावा" असलं काही नको, योजनेचं नाव आणि अडलेली नेमकी गोष्ट लिहा, आणि ग्रामसेवकाकडून, म्हणजे आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, त्यांच्याकडून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. आदिवासी भागातलं गाव पेसात, म्हणजे तिथल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात, येत असेल तर ग्रामसभेच्या ठरावाला अजून वजन आहे, तसा उल्लेख ठरावातच करा.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, ३० दिवसांत माहिती द्यायची. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतात. "योजनेची सर्व माहिती द्यावी" असं मागितलं की काहीच मिळत नाही. मागायचे ते कागद नावानं मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यादेश (म्हणजे वर्क ऑर्डर), मुदतवाढीचे आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, आजवर दिलेल्या बिलांचा तपशील. माहिती नाही आली तर पहिलं अपील वीस रुपयांत, पण अधिवेशन जवळ असेल तर अपिलाची वाट बघत बसू नका. "माहिती मागूनही दिली नाही" हेसुद्धा प्रश्नात घालता येतं.

मुदतवाढीचे आदेश मी मुद्दाम सांगतोय. अनेक रखडलेल्या कामांत ठेकेदाराला गुपचूप एकदा, दोनदा मुदतवाढ दिलेली असते, कधी दंडासह कधी बिनदंडाची, आणि गावाला त्याचा पत्ता नसतो. हा एक कागद हाती आला की प्रश्नाला धार येते.

बाकी फोटो तारखेसकट काढा, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे फिरून फिरून धुरकट झालेले नकोत. टंचाई असेल तर टँकरच्या फेऱ्यांची नोंद, शाळेची अडचण असेल तर पटसंख्या, एसटी बंद झाली असेल तर कुठल्या वेळची आणि ती पकडून किती पोरी कॉलेजला जात होत्या ते. हे सगळं मिळून चार-पाच पानांच्या वर जाऊ देऊ नका.

आणि आधी खाली दिलेले अर्ज. बीडीओ, तहसीलदार, कार्यकारी अभियंता, आपले सरकार पोर्टल, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्ह्याचा लोकशाही दिन, जिथं जिथं गेलात तिथली पोच, आवक नंबर आणि तारखेसकट. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. मंत्र्यांच्या उत्तरात "याबाबत तक्रार प्राप्त नाही" हे वाक्य फार लाडकं आहे, आणि ते खोडायला तो निळा शिक्काच लागतो.

कुठलं आयुध वापरायचं

सभागृहाच्या भाषेत याला आयुधंच म्हणतात. सगळी सांगत बसत नाही, गावाच्या कामाची तेवढी.

तारांकित प्रश्न. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. दिवसाच्या यादीत प्रश्न भरपूर असतात, तासाभरात मोजकेच पुकारले जातात. तुमचा प्रश्न खाली राहिला तरी छापील उत्तर मिळतंच, आणि खरं सांगायचं तर गावाला ते छापील उत्तरच जास्त उपयोगी. अतारांकितला फक्त लेखी उत्तर, आकडे काढायचे असतील तर हाच बरा, पण उत्तर यायला वेळ लागतो.

लक्षवेधी सूचना, नियम १०५. तातडीचं आणि सार्वजनिक महत्त्वाचं काही असेल तर. यात मंत्र्यांचं लेखी निवेदन आधी आमदारांच्या हातात येतं, मग सभागृहात त्यावर प्रश्न होतात, त्यामुळे मंत्र्याला घेरायला तारांकितपेक्षा जास्त जागा मिळते. पण लक्षवेधी मागणारे ढिगानं असतात, लागणाऱ्या थोड्या. पाच वर्षं रखडलेला बंधारा लक्षवेधीला "तातडीचा" म्हणून पटवायला अवघड जातं. त्याच बंधाऱ्याला यंदा भगदाड पडून खालच्या चार गावांची शेती खरवडून गेली असेल तर मग लक्षवेधीच.

औचित्याचा मुद्दा आमदारांना आवडतो कारण पटकन उभं राहून बोलता येतं, क्लिप निघते. मंत्र्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायलाच हवं असं काही त्यात नाही. गाव खूश, काम शून्य, असं बरेचदा होतं. तरीही रात्रीतून काही घडलं असेल, गारपीट, बस दरीत गेली, तर लगेच बोलायला हा मार्ग सोपा.

मोठ्या चर्चा म्हणजे राज्यपालांच्या अभिभाषणावरची, अर्थसंकल्पावरची, पुरवणी मागण्यांवरची, नियम २९३ खालची (विधान परिषदेत हीच २६० खाली होते) आणि शेवटच्या आठवड्यातला विरोधी पक्षाचा २९२ चा प्रस्ताव. इथं पक्षाच्या संख्येप्रमाणे वेळ वाटला जातो, नव्या आमदाराच्या वाट्याला रात्री उशिरा चार-पाच मिनिटं येतात आणि समोर बाकं रिकामी. त्याबद्दल पुढं बोलतो.

आणि एक दुर्लक्षित रस्ता, विनंती अर्ज. नागरिकांना आमदारामार्फत थेट सभागृहाकडं अर्ज करता येतो आणि त्यासाठी विनंती अर्ज समिती असते, ती अधिकाऱ्यांना बोलावून साक्ष घेऊ शकते. वेळखाऊ आहे, पण पुनर्वसन, जमिनीचा मोबदला, धरणग्रस्तांच्या नागरी सुविधा असल्या वर्षानुवर्षांच्या भानगडीला हा मार्ग प्रश्नापेक्षा बरा.

आता प्रश्न लिहायचा

इथं सावकाश वाचा. समजा गावात जलजीवन मिशनची टाकी उभी आहे, पाइप पुरलेत, घरोघरी नळाच्या तोट्या बसवल्यात आणि पाणी नाही. बहुतेक जण असं लिहून देतात: "अमुक गावात तीव्र पाणीटंचाई असून प्रशासनाच्या दुर्लक्षामुळे महिलांना पायपीट करावी लागत आहे, हे खरे आहे काय?"

उत्तर काय येणार ते मी आत्ताच सांगतो. "(१) हे खरे नाही. सदर गावात जलजीवन मिशनअंतर्गत योजना मंजूर असून काम प्रगतीपथावर आहे. (२) प्रश्न उद्भवत नाही." संपलं. आणि गंमत म्हणजे यात तांत्रिकदृष्ट्या खोटं काही नाही. "तीव्र" म्हणजे किती, "दुर्लक्ष" कुणाचं, हे तुम्हीच मोकळं सोडलंत, त्यानं त्या फटीतून पाय काढून घेतला.

तोच विषय असा लिहा. तारखा मी नमुन्यादाखल टाकतोय, तुम्ही तुमच्या कागदावरच्या घाला.

"सन्माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय :-

(१) मौजे अमुक, ता. तमुक येथील जलजीवन मिशनअंतर्गत नळपाणीपुरवठा योजनेचा कार्यादेश माहे मार्च, २०२२ मध्ये देण्यात आला असून काम पूर्ण करण्याची मुदत माहे मार्च, २०२३ मध्ये संपली आहे, हे खरे आहे काय,

(२) असल्यास, साठवण टाकी व वितरण वाहिनीचे काम होऊनही उद्भव विहिरीवर वीजजोडणी नसल्याने पाणीपुरवठा सुरू झालेला नाही, हे ही खरे आहे काय,

(३) असल्यास, वीजजोडणीसाठी महावितरणकडे कोणत्या दिनांकास अर्ज व रकमेचा भरणा करण्यात आला,

(४) तसेच कंत्राटदारास किती वेळा मुदतवाढ देण्यात आली व निविदेतील अटींनुसार किती दंड वसूल करण्यात आला,

(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत व योजना केव्हापर्यंत कार्यान्वित करण्यात येणार आहे?"

बघा, यात रडगाणं कुठं नाही. पहिल्या भागातली तारीख कार्यादेशावरच आहे, ती नाकारता येत नाही. दुसऱ्यात अडचण एकच ठेवलीय आणि ती विहिरीवर जाऊन कुणालाही डोळ्यांनी दिसते. तिसऱ्यात "कोणत्या दिनांकास" आहे, त्याला हो-नाही चालत नाही, तारीख लिहावीच लागते. आणि अर्जच केलेला नसेल तर प्रश्न खाली आल्या दिवशी धावत जाऊन अर्ज केला जातो. असं खरंच होतं! निम्मं काम उत्तर यायच्या आधीच मार्गी लागतं, ते असल्या तिसऱ्या उपभागामुळं.

काही पथ्यं. एका प्रश्नात एकच विषय. मत विचारायचं नाही ("शासनाला लाज वाटते काय" हे भाषणात ठीक). कोर्टात चालू असलेलं प्रकरण घालू नका. कुणावर नाव घेऊन भ्रष्टाचाराचा आरोप करायचा तर आमदाराला तशी नोटीस आधी अध्यक्षांना द्यावी लागते आणि आमदार त्याला सहसा तयार होत नाहीत. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल आमदारावर कोर्टात खटला भरता येत नाही, संविधानाच्या कलम १९४ चं ते संरक्षण आहे, पण ते संरक्षण आमदाराला आहे, तुम्हाला नाही. तुमच्या पत्रात "ठेकेदार चोर आहे" लिहिलं आणि ते फेसबुकवर टाकलं तर तुमचं तुम्ही निस्तरायचं. झेडपीचं अगदी रोजचं काम असेल तर राज्य शासनाचा पैसा किंवा योजना त्यात कुठं येते ते प्रश्नातच दिसू द्या, नाहीतर प्रश्न दाखल करून घेताना अडचण येते. दाखल करायचा की नाही हे शेवटी अध्यक्षांच्या हातात.

अजून एक. फक्त तुमच्याच गावाचं रडणं असेल तर प्रश्न अंगानं बारीक दिसतो. त्याच तालुक्यातली त्याच कारणानं अडलेली अजून चार गावं जोडा. यात राजकारणपण आहे: शेजारच्या मतदारसंघातली दोन गावं आली की त्या आमदाराचीही सही प्रश्नावर येऊ शकते. एका प्रश्नावर अनेक आमदारांची नावं असणं नेहमीचंच आहे, आणि एक जण त्या दिवशी गैरहजर असला तर दुसरा उभा राहतो.

आमदारापर्यंत कधी आणि कसं

तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी द्यावे लागतात, सचिवालय त्या तारखांचं पत्रक आमदारांना पाठवतं. गावाला अधिवेशनाची आठवण होते ती टीव्हीवर गोंधळ दिसायला लागल्यावर, तेव्हा तारांकितची वेळ कधीच गेलेली असते. म्हणून पीएला आधीच विचारून ठेवा की प्रश्न द्यायची शेवटची तारीख कुठली. लक्षवेधी अधिवेशन चालू असतानाही देता येते.

देताना आमदारांना भेटा जरूर, फोटो काढा, पण कागद पीएच्या हातात द्या आणि टाइप केलेली फाइल त्याला व्हॉट्सअॅप करा, मराठी युनिकोडमध्ये. त्याला फक्त कॉपी-पेस्ट करायचं असलं की तुमचा प्रश्न बाकीच्या ढिगाच्या वर जातो. हा उपाय फार साधा वाटेल, पण वरच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त चालतो. भेटायला सगळ्या पार्ट्यांची माणसं न्या. एकाच गटाची माणसं गेली की आमदार आधी मतांचा हिशेब करतात, मग प्रश्नाचा.

प्रश्न लागल्यावरचे दिवस

प्रश्न खाली आला की तालुक्यात हालचाल होते. कधी न फिरकणारा अभियंता गाडी घेऊन येतो, सरपंचाकडं चहा पितो, आणि "काम पंधरा दिवसांत होतंय, प्रश्न मागं घ्यायला सांगा" म्हणतो. मागं घेऊ नका. काम झालं तर आनंदच, उत्तरात तसं येईल. दुसरं म्हणजे "योजना सुरळीत सुरू आहे" अशा कागदावर सरपंचाची किंवा पाणीपुरवठा समितीच्या अध्यक्षाची सही घ्यायचा प्रयत्न होतो. तो कागद पुढं मंत्र्याच्या फाइलमध्ये लागतो आणि सभागृहात आमदार तोंडावर पडतात. गावात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, या काळात न वाचता कशावर सही करायची नाही.

याच दिवसांत आमदारासाठी एक पान तयार करा. एकच. वर तीन ओळींत विषय, खाली तीन उपप्रश्न, आणि प्रत्येकासमोर मंत्री काय म्हणू शकतात आणि त्यावर आपल्याकडं कुठला कागद आहे ते. उदाहरणार्थ मंत्री म्हणाले "महावितरणकडे पाठपुरावा सुरू आहे", तर आमदारांनी लगेच विचारायचं की डिमांड नोट, म्हणजे जोडणीचे किती पैसे भरायचे तो कागद, कधी मिळाली आणि पैसे कधी भरले. शेवटचा उपप्रश्न कायम तारखेचा ठेवा: "किती दिवसांत?" मंत्री सभागृहात "तीस दिवसांत करू" म्हणाले की ते आश्वासन झालं. नुसतं "तपासून कार्यवाही करू" वर आमदारांना खाली बसू देऊ नका, तसं त्यांना आधीच सांगा.

सभागृह बंद पडलं, सभात्याग झाला, तर तोंडी चर्चा गेली. छापील उत्तर मात्र बघाच.

भाषणातून मांडायचं असेल तर

चार मिनिटांत आमदार सोळा विषय वाचून दाखवतात, रस्ता, पाणी, वीज, दवाखाना, बिबट्या, सोयाबीन, सगळं. क्लिप मोठी होते आणि मंत्र्यांच्या उत्तरात एकाचाही उल्लेख येत नाही. त्यापेक्षा एक विषय, एक आकडा, एक मागणी. बजेटच्या चर्चेत तर मागणी कुठल्या खात्याच्या कुठल्या तरतुदीशी जोडलीय हे सांगितलं की खात्याला उत्तर द्यायला लागतं.

जुनी उदाहरणं बघायची तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख, १९६२ पासून अकरा वेळा निवडून आलेले, दुष्काळी पट्ट्यातल्या पाण्याचा विषय पिढ्यान्पिढ्या सोडला नाही. विधान परिषदेत अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख, विदर्भाच्या अनुशेषावर, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या कामांवर, सरकारचेच कागद सरकारपुढं ठेवून बोलायचे. त्या अनुशेषाला आकडा मिळाला तो दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालानं, तोवर "आमच्यावर अन्याय होतोय" एवढंच म्हणता येत होतं. आणि रोजगार हमी, जिचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ मध्ये केला, तिच्यामागं परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा ध्यास होता. खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम हा विषय सभागृहातून कायदा होऊन बाहेर पडला आणि पुढं देशभराच्या योजनेला त्याचा नमुना मिळाला.

तुमच्या आमदारांना असली उदाहरणं ऐकवत बसू नका हां, त्यांना ती आवडत नाहीत.

उत्तर आलं, पुढं?

प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज विधानमंडळाच्या वेबसाइटवर येतं. उत्तराची प्रिंट काढा आणि एकेक वाक्य गावातल्या परिस्थितीशी ताडून बघा. "हे अंशतः खरे आहे" असं आलं असेल तर जिंकलात असं समजा, कारण खात्यानं चूक मान्य करायची हीच पद्धत आहे. कुठला अंश खरा ते पुढच्या ओळीत असतं.

उत्तर धडधडीत चुकीचं असेल तर ओरडू नका, ठराव घ्या, फोटो लावा, आणि आमदारांकडून त्या उत्तरावर अर्धा तास चर्चेची सूचना द्यायला लावा, किंवा चुकीची माहिती दिल्याबद्दल मंत्र्यांना पत्र. सभागृहाला चुकीची माहिती देणं हा खात्यासाठी नाजूक विषय असतो, तिथं हक्कभंगाची भीती असते.

आश्वासन मिळालं असेल तर विधानमंडळाची आश्वासन समिती त्याचा माग ठेवते. पण समितीच्या भरवशावर गावानं झोपू नये. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी खात्याच्या सचिवांना पत्र, प्रत आमदारांना आणि समितीला, पत्रात अधिवेशन, तारीख आणि प्रश्न क्रमांक. जिल्ह्यात विधानमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा लागला तर तोच कागद त्यांच्याही हातात द्या, झेडपीचे अधिकारी या समितीला बऱ्यापैकी दबकून असतात.

आमदार मंत्री असले किंवा ऐकतच नसले तर

तुमचे आमदार मंत्री असतील तर ते स्वतः सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत, ते सरकारच आहेत. तेव्हा त्यांच्याकडं प्रश्न न्यायचा नाही, बैठक लावून मागायची, मंत्र्यांच्या दालनात खात्याचे अधिकारी बोलावून. त्या बैठकीचं इतिवृत्त मात्र लेखी मिळालं पाहिजे, नाहीतर चहा-बिस्किटावर भागतं.

ऐकत नसतील तर विधान परिषद आहेच. ७८ सदस्य, त्यात पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे प्रत्येकी ७, शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांचे. शाळेचा विषय असेल तर शिक्षक आमदार जास्त उत्साहानं घेतात. आणि दुसऱ्या मतदारसंघाच्या आमदारानं तुमच्या गावाचा प्रश्न विचारायला नियमात आडकाठी नाही, फक्त तुमचा आमदार दुखावतो. म्हणून आधी त्यांना लेखी द्या, पोच घ्या, एक अधिवेशन जाऊ द्या, मग दुसरीकडं जा.

नागपूर अधिवेशनात मोर्चा काढायचा विचार असेल तर तो प्रश्नाला जोड म्हणून काढा, बदली म्हणून नको. मोर्चाची पोलिसांकडून आधी परवानगी लागते, मोर्चा ठरलेल्या पॉइंटला अडवतात आणि चार-पाच जणांचं शिष्टमंडळ मंत्र्याला भेटायला आत सोडतात. त्या पाचांत भाषण करणारे कमी आणि कागद माहीत असणारे जास्त असू द्या, कारण आत गेल्यावर मंत्र्यांचा पहिला सवाल असतो, "प्रश्न लागलाय का, नंबर काय?"